वीस मिनिटांची कोंबडी

माझं कोंबडीशी भांडण नाही. लोण्याशी तर नाहीच नाही. भांडण आहे ते वीस मिनिटांशी.

गेली काही वर्षं जिकडे पाहावं तिकडे ही वीस मिनिटं उभी असतात. रविवारच्या पुरवणीत ‘वीस मिनिटांत बटर-गार्लिक चिकन’. दिवाळी अंकाच्या शेवटच्या पानांत ‘पाहुणे दारात? वीस मिनिटांत शाही बेत’. आणि मोबाईलवर तर विचारूच नका. तिथे एक गोरागोमटा तरुण हसत हसत तवा हलवतो आणि सव्वा मिनिटात ताट पुढे करतो. वर म्हणतो, ‘इतकं सोपं!’ माणसाचा पाणउतारा करायला याहून सभ्य उद्गार अजून निघालेला नाही. शिवी दिली तर उलट शिवी देता येते. ‘इतकं सोपं’ला काय उत्तर देणार?

मी बँकेत क्लार्क आहे. हल्ली आम्हाला क्लार्क म्हणत नाहीत, ‘कस्टमर सर्व्हिस असोसिएट’ म्हणतात; पण रांगेतला माणूस अजूनही ‘तो क्लार्क कुठे उलथला?’ असंच विचारतो. बी.कॉम. झालो, तेही सेकंड क्लासात, आणि वीस वर्षं काउंटरवर काढली. एवढ्या काळात एक गोष्ट मात्र पक्की शिकलो. ‘दोनच मिनिटांचं काम आहे हो’ असं म्हणत जो गृहस्थ आमच्या जेवणाच्या सुट्टीच्या तोंडावर खिडकीशी येतो, त्याच्या पिशवीत वारलेल्या काकांचं खातं, हरवलेलं पासबुक आणि एकमेकांशी न बोलणारे तीन वारस असतात. तेव्हापासून कुणी मिनिटांचा आकडा सांगितला, की माझा हात आपोआप व्हाउचर मागायला पुढे होतो.

तर या वीस मिनिटांचं व्हाउचर तपासू या.

आधी पदार्थ सांगतो, म्हणजे ज्यांना भांडणात रस नाही त्यांचं निदान जेवण तरी होईल. कोंबडीच्या छातीचे बिनहाडाचे दोन मोठे तुकडे घ्यायचे, साधारण अर्धा किलो. ते पुस्तक उघडावं तसे आडवे चिरून चार पातळ तुकडे करायचे. मीठ, मिरपूड आणि मैद्याची हलकी भुकटी लावायची. पसरट जाड बुडाचं पॅन चांगलं तापवायचं. त्याला ते लोक स्किलेट म्हणतात. आपल्याकडे बिडाचं असलं तर उत्तमच. त्यात चमचाभर तेल घालून तुकडे एका बाजूने चार मिनिटं आणि दुसऱ्या बाजूने चार मिनिटं सोनेरी होऊ द्यायचे, मग काढून ठेवायचे. त्याच पॅनमध्ये लसूण अर्धा मिनिट परतायचा, अर्धी वाटी कोंबडीचं पाणी किंवा साधं पाणी घालायचं, तळाला चिकटलेला तपकिरी थर उलथन्याने खरवडून त्यात विरघळवायचा आणि ते पाणी निम्मं होईपर्यंत आटवायचं. लिंबू पिळायचं. गॅस बंद करायचा. मग फ्रिजमधून काढलेलं थंडगार लोणी, पन्नासेक ग्रॅम, एकेक खडा टाकत पॅन गोल गोल हलवायचं. सॉस सायीसारखं दाट होतं. तुकडे परत त्यात, वर कोथिंबीर. झालं.

आता खरं सांगायचं तर पदार्थ झकास आहे. त्याच्या पोटात शास्त्रही आहे. कोंबडीवर तो जो खमंग तपकिरी रंग चढतो, त्याचं कोडं लुई-कामिय मेलार्ड या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1912 साली उलगडायला घेतलं, आणि आजही त्या क्रियेला त्याचंच नाव आहे. हा रंग चांगला चढायला पृष्ठभाग शंभर अंशांच्या बराच वर तापावा लागतो. कोंबडी ओली असेल तर आधी पाणी उडून जायला हवं, आणि ते उडेपर्यंत तापमान शंभराच्या पुढे हलत नाही. म्हणजे कोंबडी भाजत नाही, उकडते. लोण्यात साधारण ऐंशी टक्के स्निग्धांश, बाकी बहुतेक पाणी आणि थोडा दुधाचा घन भाग. तो घन भाग कडक आचेवर चटकन काळा पडतो, म्हणून सुरुवातीला तेल आणि शेवटी लोणी. शिवाय ते शेवटचं लोणी गॅस बंद केल्यावरच घालायचं, कारण सॉस खळखळ उकळलं की दाटपणा फुटतो आणि वर पिवळ्या तेलाचा तवंग येतो. गंमत बघा. या घाईच्या पदार्थातली सगळ्यात मोलाची गोष्ट आच बंद करून, घाई सोडून केल्यावरच साधते.

आणि गॅसवरची वीस मिनिटं, हेही कबूल करतो, खरी आहेत. फसवणूक गॅसवर होत नाही. ती होते त्याच्या वरती, साहित्याच्या यादीत.

ती यादी नीट वाचा. ‘लसूण, बारा पाकळ्या, सोललेला, बारीक चिरलेला.’ ‘कोथिंबीर, निवडलेली, धुतलेली.’ ‘चिकन, धुऊन पुसून कोरडं केलेलं.’ ‘मिरी, ताजी कुटलेली.’ दिसलं का? सगळी लबाडी त्या ‘लेला’त आहे. शाळेत आम्हाला याला धातुसाधित विशेषण म्हणून शिकवलं होतं. क्रियापदाची कात टाकून ते विशेषण बनतं, आणि विशेषण झालं की त्याला कर्ता लागत नाही आणि वेळही लागत नाही. ‘लसूण सोला’ म्हटलं की कुणाला तरी उठावं लागतं. ‘सोललेला लसूण’ म्हटलं की तो जणू झाडालाच तसा लागतो. बाजारात जाऊन ‘दादा, एक पाव चिरलेली कोथिंबीर द्या’ म्हणून बघा, दादा काय देतो ते!

मागच्या महिन्यात घरची मंडळी लग्नाला गेली होती. मी एकटा होतो. तेव्हा मी हा पदार्थ पहिल्यापासून शेवटपर्यंत, पाच माणसांच्या हिशेबाने (उरलेलं रात्री परत येणाऱ्यांसाठी), मोबाईलचं घड्याळ लावून केला. कुणाची मदत नाही, बाहेरून काही चिरून आणलेलं नाही. नोंदी अशा:

कोंबडी धुणं, फडक्याने टिपणं, आडवी चिरून पातळ करणं: 15 मिनिटं. (कच्ची कोंबडी धुऊ नये, शिंतोड्यांबरोबर जंतू ओटाभर पसरतात, असं तज्ज्ञ सांगतात. पण आमच्या आईसमोर हे सांगून दाखवणारा तज्ज्ञ मला अजून भेटायचा आहे.) बारा पाकळ्या लसूण सोलणं, चिरणं: 9. परदेशातली पाकळी अंगठ्याएवढी असते, आपल्या गावठी लसणाची करंगळीच्या नखाएवढी. ‘बारा पाकळ्या’ लिहिणाऱ्याला हे कुठून ठाऊक असणार! आपल्याकडे चव तेवढी यायला चोवीस लागतात, तरी मी बाराच धरल्या. कोथिंबीर निवडणं, धुणं, चिरणं, लिंबाच्या बिया काढणं: 8. मिरी कुटणं, मैद्याचा डबा शोधणं: 3. गॅसवर: 20. पाच जणांचे तुकडे एका वेळी पॅनमध्ये मावत नाहीत आणि दाटीवाटीने घातले तर पुन्हा उकडतात, म्हणून दुसरा घाणा: 9. नुसतं चिकन म्हणजे जेवण नव्हे, तेव्हा कुकर लावणं, पोळ्या आणि कोशिंबीर: 30. शेवटी ओटा, पॅन, लोणकट ताटल्या: 20.

बेरीज 114 मिनिटं. एक तास चौपन्न मिनिटं. यात कोंबडीच्या दुकानापुढची रविवारची रांग धरलेली नाही. ती धरली तर हिशेब पुढच्या आर्थिक वर्षात जाईल. म्हणजे ज्या वीस मिनिटांचा एवढा डंका, ती एकूण कामाच्या साडेसतरा टक्के. उरलेले साडेब्याऐंशी टक्के ताळेबंदाच्या बाहेर. आमच्या शाखेत एखाद्याने असा ताळेबंद लिहिला असता, तर ऑडिटरने त्याला चहासुद्धा विचारला नसता.

हा रोग आजचा नाही आणि आपला तर मुळीच नाही. न्यूयॉर्क टाइम्समध्ये पिएर फ्राने नावाच्या फ्रेंच स्वयंपाक्याने 1976 मध्ये ‘साठ मिनिटांचा खवय्या’ अशा अर्थाचं सदर सुरू केलं. साठ! त्या काळी एक तास म्हणजे झटपट होतं. 2001 मध्ये अमेरिकन टीव्हीवर रेचल रे या बाई तीस मिनिटांचं जेवण घेऊन आल्या. इंग्लंडच्या जेमी ऑलिव्हरने 2010 मध्ये तीस मिनिटांच्या जेवणांचं पुस्तक काढलं आणि 2012 मध्ये पंधरा मिनिटांच्या जेवणांचं. साठ, तीस, पंधरा. बी.कॉम.च्या माणसाला यात काय दिसावं? घसारा! तोही घटत्या शिल्लक पद्धतीने, पन्नास टक्के दराने. सरळ रेषा पद्धत लावली असती तर तिसऱ्या वेळेलाच शून्य आलं असतं, आणि भूक लागायच्या आत कोंबडी पोटात असती.

आता या साठ-तीस-पंधरात कोंबडी शिजायला लागणारा वेळ बदलला का? कोंबडीच्या आतलं तापमान चौऱ्याहत्तर अंशांपर्यंत गेलं पाहिजे, हे तिला 1976 मध्येही लागू होतं आणि आजही लागू आहे. पाकळी सोलायचा वेळ बदलला का? लसणाला कुणी मॅनेजमेंटचा कोर्स दिलेला नाही. बदललं ते एवढंच, की कामाचा जास्तीत जास्त भाग ‘लेला’मध्ये सरकवायचं कसब वाढलं.

हे ओळखणारा मी पहिलाच नव्हे. टॉम स्कोक्का या अमेरिकन लेखकाने 2012 मध्ये फक्त कांद्यावरून असंच भांडण काढलं होतं. पाककृतीत लिहितात, कांदा पाच-दहा मिनिटांत गडद तपकिरी होतो. याने तो परतून पाहिला आणि सांगितलं, पाऊण तासाच्या आसपास धरा. हे वाचून आपल्या घरातली कुठलीही बाई म्हणेल, ‘मग? त्यात काय नवीन?’ बिर्याणीचा कांदा तळताना जिचे हात भरून आलेत, तिला हे अमेरिकेतून कळायची गरज नाही. पण छापायची हिंमत त्याने केली.

प्रामाणिक माणसंही या धंद्यात होऊन गेली. एदुआर द पोमियान या फ्रेंच माणसाने 1930 मध्येच दहा मिनिटांच्या स्वयंपाकाचं पुस्तक लिहिलं. पण हा गृहस्थ वाचकाला बजावतो, की घरात पाऊल टाकलंस की आधी पाणी तापत ठेव, अंगावरचा कोट मग काढ. म्हणजे त्याचं घड्याळ उंबरठ्यावर सुरू होतं. आणि आपल्याकडे 1970 मध्ये कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ आलं, त्याने वाटी-चमच्याच्या मापात प्रमाणं सांगून ‘अंदाजाने घाल गं’ या अगम्य शास्त्रातून नव्या संसाराच्या मुलींची सुटका केली. मापाचा हिशेब तेव्हा सुधारला. वेळेचा अजून राहिलाय.

यावर आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ म्हणतात, ‘तुम्ही उगाच राईचा पर्वत करताय. मला तर खरोखर वीस मिनिटं लागतात!’ हे गृहस्थ रविवारचे शेफ आहेत. त्यांनी आम्हाला एकदा जेवायला बोलावलं आणि आमच्यादेखत हा पदार्थ केला. ओट्यावर ओळीने वाट्या मांडलेल्या. एकीत लसूण, एकीत मिरपूड, एकीत बिया काढलेल्या लिंबाचा रस. कोंबडी पातळ केलेली, पुसलेली, मैदा लावून ताटलीत निजवलेली. यांनी काळा एप्रन बांधला, पॅन तापवलं आणि ऑपरेशनला उभ्या राहिलेल्या सर्जनसारखा हात मागे केला. वहिनींनी त्या हातात चिमटा दिला. हात मागे, लसूण. हात मागे, लोणी. एकोणिसाव्या मिनिटाला त्यांनी पॅन टेबलावर आणलं आणि आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मुलांनी फोटो काढले. पॅनचा काढला, एप्रनचा काढला.

मी वहिनींना सहज विचारलं, ‘लसूण कोणी सोलला?’

‘अय्या, त्याला कुठे वेळ लागतो!’ वहिनी म्हणाल्या. ‘मी दुपारीच करून ठेवलं होतं सगळं.’

दुपारीच! हा शब्द मला फार लागला. जगातल्या सगळ्या वीस मिनिटांच्या पाककृती कुणाच्या तरी दुपारीवर उभ्या असतात. हॉटेलच्या भटारखान्यातही असंच असतं. तिथे आधीची चिराचिरी करून सगळं हाताशी मांडून ठेवायला फ्रेंच लोकांनी खास नाव दिलंय, मीझ आं प्लास. पण तिथे चिरणारा हजेरीपटावर असतो, त्याला पगार मिळतो आणि साप्ताहिक सुट्टी असते. वहिनी कुठल्या हजेरीपटावर आहेत?

याचं उत्तर सरकारी आकड्यांत आहे. केंद्र सरकारने 2019 मध्ये लोकांचा दिवस कशात जातो याचं सर्वेक्षण केलं. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला 299 मिनिटं जातात आणि पुरुषांची 97. हे 97 देखील जे पुरुष मुळात काही करतात त्यांचे. असे पुरुष शंभरात सव्वीस. 2024 मध्ये पुन्हा सर्वेक्षण झालं. बायकांची मिनिटं 289 वर आली. दहा मिनिटं सुटली म्हणून आनंद मानावा, तर पुरुष 88 वर आले होते. तिची दहा वाचली आणि याने लगेच स्वतःची नऊ काढून घेतली! बँकेत वीस वर्षं काढून इतकं चलाख समायोजन मी पाहिलेलं नाही.

काही जण म्हणतील, अहो, थोडं खोटं सांगितलं तर बिघडलं कुठे? त्या निमित्ताने चार माणसं तवा तरी हातात धरतात. धरू देत. पण खोट्याचा खर्च कोण भरतं ते पाहा. संध्याकाळी सातच्या लोकलने उतरलेली एखादी बाई ‘वीस मिनिटांत’ वाचून उत्साहाने ओट्याशी उभी राहते. सव्वानऊला पानं घेतली जातात. घरात कुणीतरी म्हणतं, ‘वीस मिनिटांचं होतं ना?’ आणि तिला वाटतं, आपणच हळू आहोत, आपल्यालाच जमत नाही. आकडा चुकीचा असतो छापणाऱ्याचा, आणि अपराधी वाटतं करणारीला. माझा राग इथे आहे. पाच रुपयांचा फरक आला तर आम्ही रात्री नऊपर्यंत कॅश जुळवत बसतो. इथे रोज दीड-दीड तासाचा फरक येतोय आणि कुणी लाल शाईसुद्धा काढत नाही.

बँकांना नावं ठेवणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचं सगळंच चूक नाही. ‘दहा मिनिटांत कर्ज’ आम्हीही म्हणतो. पण आम्ही निदान त्या दहाच्या डोक्यावर एक चांदणी काढतो आणि खाली मुंगीच्या अक्षरात ‘अटी लागू’ लिहितो. आता तर तेवढ्यावर भागत नाही. 1 ऑक्टोबर 2024 पासून रिझर्व्ह बँकेने घरगुती कर्ज घेणाऱ्या प्रत्येकाला एक ‘मुख्य तथ्य पत्रक’ देणं सक्तीचं केलंय. नुसता व्याजदर सांगून चालत नाही. प्रक्रिया शुल्क, विमा, अमुक तमुक, सगळं धरून वर्षाला खरोखर किती टक्के पडणार तो एकच आकडा लिहावा लागतो. त्या पत्रकात नाही तो आकार गिऱ्हाइकाच्या संमतीशिवाय घेता येत नाही.

माझी मागणी एवढीच आहे, की पाककृतीलाही असं पत्रक लावा. गॅसवरचा वेळ: 20 मिनिटं. सर्व आकार धरून: 114 मिनिटं. किती जणांसाठी, किती घाण्यांत, घासायची भांडी किती, तेही लिहा. आणि यादीतले सगळे ‘लेला’ काढून टाका. ‘लसूण सोला, नऊ मिनिटं. कोथिंबीर निवडा, आठ मिनिटं.’ असं लिहिलं, की ती नऊ आणि आठ मिनिटं घरातल्या माणसांत वाटता येतात. न दिसणारं काम वाटून घेता येत नाही, ते एकाच्याच नावावर साचत जातं. आणि ते नाव कुणाचं असतं हे तुम्हाला ठाऊक आहे.

पदार्थ करा. जरूर करा. लोणी पूर्ण पन्नास ग्रॅम घाला, त्यात काटकसर नको. पण कुणी टेबलावर पॅन ठेवत ‘वीस मिनिटांत केलं!’ म्हणालं, तर टाळी वाजवायच्या आधी एक प्रश्न विचारा. लसूण कोणी सोलला? उत्तर येईपर्यंत हात खाली ठेवा, आणि उत्तर आलं की टाळी त्या दिशेला वाजवा.